झुलालभाऊंचा अडकलेला अर्ज

पुष्पाबाईंचा व्हिसा एकोणिसाव्या दिवशी आला. झुलालभाऊंचा चार महिने झाले तरी आला नव्हता. अर्ज मात्र दोघांचे एकाच दिवशी, वरणगावातल्या कुंदनच्या ऑनलाइन सेंटरमधून गेले होते. तिकडे मेलबर्नला त्यांच्या मुलीचे, सारिकाचे, दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली होती आणि मे निम्मा सरला होता.

उशिराचं कारण झुलालभाऊ सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मूळचे शिरपूरकडचे झुलालभाऊ दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. नोकरी कॅन्टीनमध्ये. पण कुणी विचारलं, की ते "डिफेन्सला होतो" एवढंच सांगत. अर्जात नेमका प्रश्न होता : शस्त्रं किंवा स्फोटकं बनवणाऱ्या संस्थेत कधी काम केलं आहे का?

"भाऊ, कॅन्टीनमध्ये होतो असं साधं लिहू ना?" कुंदन म्हणाला होता.

"साधं कशाला? हो लिही. आणि खाली लिही, माझ्यावाचून फॅक्टरी एक दिवस चालली नसती."

कुंदनने ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत घातलं.

दीड महिन्याने तिकडून विचारणा आली : कामाचं नेमकं स्वरूप, हाताळलेले पदार्थ आणि त्यांचं रोजचं प्रमाण कळवा. झुलालभाऊंनी चहा, पोहे, बटाटेवडे असं मुकाट्याने सांगितलं. पण प्रमाणापाशी अडून बसले.

"रोज किती कप, ते सांगणार नाही."

"का हो?"

"कप कळले म्हणजे माणसं कळली. फॅक्टरीत किती माणसं आहेत, हे मी परक्या देशाला सांगू?"

उत्तर गेलं : 'प्रमाण सांगता येत नाही. देशहिताचा प्रश्न आहे.' त्यानंतर तिकडून चकार शब्द आला नाही.

सारिका फोनवर रडकुंडीला आली. "आबा, तो अर्ज मागे घ्या. तुमचा येईल, मग सोबत निघू, म्हणून आई तिथंच बसलीय. तिला तरी पाठवा. तुमचा नंतर नव्याने करू, नीट."

"आणि उद्याच आला म्हणजे?" झुलालभाऊ म्हणाले.

हे ते पंधरा दिवस रोज म्हणत होते. मनातली खरी गोष्ट वेगळी होती. एकोणचाळीस वर्षांत पुष्पाबाई एकट्या भुसावळच्या पुढे गेल्या नव्हत्या. तीन विमानतळ ही बाई कशी पार करणार, हीच त्यांना धास्ती होती.

पुष्पाबाईंना ते न सांगता कळत होतं. एका दुपारी भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "मी उद्या एकली धुळाले जास, रत्नाकडे. जळगावले गाडी बदलसू. नीट पोचनू ते तुमना अर्ज मांगे ल्या."

"आनि तू चुकनी ते?"

"ते मेलबर्ननं नाव सोडी दिसू."

रत्ना ही पुष्पाबाईंची धाकटी बहीण. झुलालभाऊंनी घरीच थांबायचं कबूल केलं. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते अलीकडच्या थांब्यावरून त्याच बसमध्ये चढले आणि तोंडावर रुमाल टाकून शेवटच्या सीटवर बसले.

जळगावला पुष्पाबाई उतरल्या. चौकशीच्या खिडकीत विचारलं, फलाटावरची पाटी बोट फिरवत वाचली, कंडक्टरला पुन्हा विचारलं आणि धुळ्याच्या गाडीत बसल्या. झुलालभाऊ सर्वांत शेवटी चढले. कुठे चुकते हे पाहायला आलेल्या माणसाची जरा निराशाच झाली.

पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. झुलालभाऊ पाय मोकळे करायला उतरले. समोर भज्यांचा घाणा निघत होता, आणि तेल नीट तापलेलं नव्हतं. कॅन्टीनच्या माणसाला ते बघवेना.

"अरे, तेल कच्चं आहे. पिठाचा थेंब टाकून बघ. तरंगला पाहिजे लगेच."

भजीवाला ऐकेना, म्हणून झुलालभाऊंनी झारा स्वतःच हातात घेतला. दुसरा घाणा उत्तम उतरला. समाधानाने वळून बघतात तो गाडी नव्हती. त्यांची पिशवीही गाडीबरोबर गेली होती.

तासाभराने खिशातला फोन वाजला.

"मी पोचनू," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही कोठे शेतस?"

"घरी शे. आत्तेच जेवनू."

तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खणखणीत आवाजात बोलला, "पारोळा बसस्थानक. अमळनेरकडे जाणारी बस फलाट क्रमांक दोनवर लागली आहे."



"आपलं घर पारोळाले कव्हय गयं?" पुष्पाबाईंनी विचारलं. "भुसावळपासून तुमना खोकला आयकी ऱ्हायनू मी. पिशवी उतारी लिधी. आते आयका, तठेच उभा ऱ्हा. कंडक्टरले इचारीसन चढा. मी आठे स्टँडवर बशेल शे."

झुलालभाऊ कंडक्टरला विचारून चढले. धुळ्याच्या स्टँडवर पुष्पाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. रत्ना मात्र घरी जाईपर्यंत हसत होती.

वरणगावला परतल्यावर झुलालभाऊ सरळ कुंदनकडे गेले. अर्ज मागे घेण्याच्या फॉर्मवर कारण विचारलं होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "लिही. माझी पत्नी एकटी प्रवास करण्यास समर्थ आहे. मी खात्री करून घेतली आहे."

चार महिने जागचा न हललेला अर्ज दोन दिवसांत रद्द झाल्याची मेल आली. हे झुलालभाऊंना फार लागलं. "एकदा तरी थांबा म्हणायचं माणसानं," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात पुष्पाबाई मेलबर्नला सुखरूप पोचल्या आणि नवव्या दिवशी सारिकाला मुलगी झाली. त्यांनी व्हिडिओ कॉल लावून बाळ दाखवलं. झुलालभाऊंचे डोळे असे भरून आले, की फोन कसा धरलाय याचं त्यांना भान राहिलं नाही. मेलबर्नला बराच वेळ नुसता वरणगावचा फिरता पंखा दिसत होता.