खालच्या पट्टीवरचे दोन ‘लिं…’

मी एक जुनी पट्टी आहे. दचकू नका मित्रांनो, मास्तरांच्या हातातली पट्टी मी नव्हे! कम्प्युटर सुरू केला की पडद्याच्या तळाशी जी आडवी पट्टी दिसते ना, ती मी. शिकलेले लोक मला टास्कबार म्हणतात. आमच्या दुकानात मात्र मला कुणी तसं म्हणत नाही. ‘खालची पट्टी’ हेच माझं नाव, आणि मला ते आवडतं.

आमचं दुकान उदगीरला, मोंढ्याच्या म्हणजे धान्यबाजाराच्या जवळ. धोंडप्पा त्याचे मालक. लग्नाच्या, बारशाच्या, पुण्यस्मरणाच्या पत्रिका आमच्याकडे छापतात. दसऱ्याच्या दिवशी फूल वाहून आमचा कम्प्युटर इथं बसवला, तेव्हापासून मी इथंच आहे.

माझं काम काय, ते ऐका. पडद्यावर एखादी खिडकी उघडली की तिच्या नावाचं एक बटण माझ्या अंगावर उमटतं. ते दाबलं की ती खिडकी पुढे येते. पण गंमत अशी, की खिडकीत काय लिहिलंय ते मला दिसत नाही. नुसतं नाव कळतं! आता मी पहिल्यापासून भारी भोचक. नाव वाचायचं आणि समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघून आत काय असेल ते ओळखायचं, हा माझा आवडता खेळ. गिऱ्हाईक गालातल्या गालात हसलं तर बारसं. बायको नवऱ्याला कोपर मारत असली तर नक्की मानपानाच्या नावांवरून काहीतरी बिनसलेलं.

सुरुवातीला माझे लाड फार झाले. दोन-तीनच खिडक्या असायच्या, त्यामुळे बटणं चांगली ऐसपैस, नावं पूर्ण दिसायची. एकदा धोंडप्पांच्या हातून माउस ओढला गेला आणि मी पडद्याच्या कडेला उभीच राहिले! दिवसभर भिंतीला टेकल्यासारखी. शेवटी समीक्षानं मला हळूच खाली आणून झोपवलं.

समीक्षा म्हणजे आमच्याकडे पत्रिका तयार करणारी मुलगी. बोटं अशी झरझर चालतात तिची! बाहेरून बी.ए. करते. तिच्या आईनं तिला सांगून ठेवलंय, “काम हाय तोवर शीक. काम सुटलं की स्थळं बघायची.” दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका करणाऱ्या या पोरीला स्वतःच्या लग्नाची अजिबात घाई नाही. म्हणून ती हे काम जिवापाड जपते. आणि धोंडप्पा? ते तिला नावानं हाकसुद्धा मारत नसत. “ए पोरी, एक जरी पत्रिका चुकली तर उद्यापास्नं येऊ नको बरं का,” हे मात्र ऊठसूट ऐकवायचे.

धोंडप्पांचा एक नियम होता. श्री लिहिल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. कागदावर श्री, पाकिटावर श्री, आणि कम्प्युटरमधल्या फाइलच्या नावातही आधी ‘॥ श्री ॥’, मग गिऱ्हाइकाचं नाव. नियम चांगलाच होता हो. पण लग्नसराई आली, खिडक्या वाढल्या, माझी बटणं आक्रसली, आणि प्रत्येक बटणावर जेमतेम श्री मावायला लागलं. इकडे श्री, तिकडे श्री, जिकडे तिकडे श्रीच श्री! माणसाचं नाव पार कापलं जायचं. समीक्षा मात्र कुठली खिडकी कितव्या जागी आहे हे ध्यानात ठेवायची, म्हणून निभावलं.

एका सकाळी धोंडप्पांनी चष्मा लावून माझ्याकडे रोखून पाहिलं. “काय हे? मोंढ्यात पोती टाकल्यागत पसारा! आवर बघू सगळं.”

“काका, एकत्र केलं की शोधावं लागतंय. असं असलं की जागेवरनं तरी कळतं,” समीक्षा म्हणाली.

“आवर म्हणलं की आवरायचं.”

बिचारी काय करणार? तिनं माझ्यावर माउसचं उजवं बटण दाबलं, सेटिंग उघडली आणि सगळ्या खिडक्या एकत्र करून टाकल्या. माझ्या अंगावर एकच चित्र उरलं. सगळे श्री त्याच्या पोटात! “आता कसं लख्ख दिसतंय,” धोंडप्पा म्हणाले. मला मात्र कसंसंच झालं.

त्या दिवशी दोन पत्रिका द्यायच्या होत्या. एक लिंबाजींच्या मुलीच्या, मनिषाच्या लग्नाची. दुसरी शरणम्मांच्या नवऱ्याच्या पहिल्या पुण्यस्मरणाची. त्यांचं नाव ईश्वरप्पा. आता शरणम्मांच्या आणि धोंडप्पांच्या समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी नाही लिहीत, ‘लिंगैक्य’ लिहितात. माणूस लिंगात, शिवात एकरूप झाला, असा त्याचा अर्थ. तेव्हा एका फाइलचं नाव ‘॥ श्री ॥ लिंबाजी’ आणि दुसरीचं ‘॥ श्री ॥ लिंगैक्य ईश्वरप्पा’. काही लक्षात येतंय का, मित्रांनो?

दुपारी समीक्षा मागच्या खोलीत डबा खायला गेली. शरणम्मा येतीलच म्हणून धोंडप्पा स्वतःच खुर्चीत बसले. काळ्या चौकटीचे पांढरे कागद त्यांनी छपाईच्या यंत्रात घातले. कानाला फोन, शाई का आली नाही म्हणून समोरच्यावर ओरडणं चाललेलं. तेवढ्यात त्यांनी माझ्यावरचं ते एकुलतं एक चित्र दाबलं. आतून नावं बाहेर आली, सगळ्यांची शेपटं कापलेली. त्यांत दोन ठिकाणी ‘॥ श्री ॥ लिं…’.

त्यांनी पहिल्यावर टिचकी मारली. अहो, तो ईश्वरप्पा नव्हे! मला पूर्ण नावं ठाऊक असतात, दाखवायला जागा नसते. जीव नुसता तळमळला. पण मला तोंड कुठलं? यंत्र खडखड करत कागद ओकू लागलं. धोंडप्पांनी फोनवर भांडता भांडता न बघताच गठ्ठा बांधला.

थोड्या वेळानं शरणम्मा आल्या. मागोमाग लिंबाजीही आले आणि आपली पत्रिका व्हायची वाट बघत बाकावर बसले. समीक्षा हात पुसत बाहेर आली. शरणम्मांनी गठ्ठा सोडला, चष्मा सावरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, “मंगल परिणय… चि. सौ. कां. मनिषा…” मग मान वर केली. “धोंडप्पा, माझ्या मालकाचं लगीन लावलास काय रे?”

लिंबाजी ताडकन उठले. लेकीचं नाव, भोवती जाड काळी चौकट! त्यांचा चेहरा उतरला.

धोंडप्पांनी कागद पाहिला आणि सगळा राग समीक्षावर काढला. “पोरी! फाइलला नाव नीट देता येत न्हाई तुला? माझी अब्रू घालवलीस. उद्यापास्नं येऊ नको!”

समीक्षाचे डोळे भरले. आईचा शब्द तिच्या कानात घुमला असणार. पण ती जागची हलली नाही. “काका, जाते मी. पण आधी लिंबाजी काकांची फाइल तुम्हीच उघडून दावा.”

धोंडप्पा तणतणत खुर्चीत बसले. चित्र दाबलं. नावं बाहेर आली आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. दोन्हीकडे लिं… मघाशी कुठलं दाबलं होतं, तेही आठवेना. शेवटी देवाचं नाव घेऊन एकावर टिचकी मारली. पडदा पाहून शरणम्मांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या ईश्वरप्पांचा फोटो आला असणार!

लिंबाजी हात जोडून म्हणाले, “मालक, मी लिंबाजी हाय हो. लिंगैक्य झालो न्हाई अजून.”

शरणम्मा हसायला लागल्या, डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत. समीक्षाही हसली. धोंडप्पा तेवढे खाली मान घालून बसले. मग लिंबाजी म्हणाले, “हसतोय मी, पण मनिषाच्या आईला काय सांगू? शकुन-अपशकुन आम्ही मानत न्हाई, तरी लेकीच्या नावाला काळी चौकट? आज पहिली पत्रिका बुद्धविहारात ठिवायचीय.”

“काका, आपल्यात लग्नाला पांढरंच असतंय की,” समीक्षा म्हणाली. “चौकट तेवढी कापून काढते. बघा तर.” तिनं गठ्ठा कापायच्या यंत्राखाली धरला. चारी बाजूंनी काळ्या पट्ट्या गळून पडल्या. उरली ती पांढरीशुभ्र, हातात मावेल अशी पत्रिका. लिंबाजींनी ती उलटसुलट पाहिली, लेकीच्या नावावरून अंगठा फिरवला आणि पिशवीत जपून ठेवली.

“माझ्या मालकाचं नाव एवढं मोठं, पण तुझ्या कम्प्युटरात श्रीच दिसतंय सगळीकडं,” शरणम्मा धोंडप्पांना म्हणाल्या.

“श्री मागं कसं घेऊ, अक्का?”

“अरे, देव मागं उभा राहिला म्हणून रुसतोय व्हय? माणूस तर दिसू दे!”

धोंडप्पा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, “पोरी, ते एकत्र केलेलं सोड. अन् नावं आधी घे. श्री शेवटाला असू दे.”

समीक्षानं माझ्यावर उजवं बटण दाबलं. पोटात कोंबलेल्या खिडक्या भराभर बाहेर आल्या. नको असलेल्या तिनं बंद केल्या आणि उरलेल्यांची नावं नीट केली. ‘लिंबाजी’, ‘लिंगैक्य ईश्वरप्पा’. किती दिवसांनी माझ्या अंगावर माणसं आली! मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मित्रांनो, तुमच्या पडद्यावरही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर खिडक्यांचा ढीग साचू देऊ नका. काम झालं की खिडकी बंद करा. उघडी असेल तिला असं नाव द्या की पहिल्या दोन अक्षरांत ओळख पटेल. आणि आवरायचं म्हणून सगळ्यांना एका गाठोड्यात बांधू नका. स्वच्छ दिसतं खरं, पण कोण कुठला ते कळत नाही.

हे सगळं आज का आठवलं, माहीत आहे? आज सकाळी धोंडप्पा समीक्षाच्या आधी येऊन बसले. एका बोटानं फाइलला काहीतरी नाव देत होते. मी उत्सुकतेनं वाट बघत राहिले, पण बटणावर ‘समी’ एवढंच उमटून थांबलं. दुकानाचं नवं कार्ड असणार ते; कालच धोंडप्पा फोनवर त्याबद्दल बोलत होते. खाली पत्रिका तयार करणारीचं नाव घालायचं होतं.

तेवढ्यात समीक्षा आली. धोंडप्पा चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, “समीक्षा, तुझ्या नावातला हा क्ष कसा काढायचा गं?”