चालू वर्तमानकाळ

शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि लाकडाची पाटी अजून लाउरीच्याच गळ्यात होती. वेल्श शब्द तोंडातून निघाला की मास्तर ती अडकवत. दुसरं कुणी घरची भाषा बोलताना सापडलं, तरच पाटी त्याच्याकडे जाई. सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला छडी. वेल्सच्या त्या डोंगरगावातल्या प्रत्येक पोराला हे पाठ होतं.

प्रॉथरो मास्तर इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ शिकवत होते. "रोज चालता ते वेगळं, आत्ता चालता ते वेगळं. चालता चालताच बोलायचं. थांबलात की वाक्य खोटं!" एकेक पोर फळ्याकडे निघे नि म्हणे, "मी चालत आहे."

"शोभते गं तुला पाटी," शेजारची सिवान कुजबुजली, तीही इंग्रजीत. "लग्नात हीच घाल."

सिवान कधी चुकत नसे. पण ती प्रवचनकारांची लेक. रविवारी प्रार्थनाघरात तिचे वडील बोलता बोलता गाऊ लागत, सूर असा चढे की बाकांवरची माणसं आपसूक साद देत. पहिली साद सिवानची. ती आपलं वाक्य घोकण्यात गढलेली पाहून लाउरीनं ओठ मिटले आणि तोच चढता सूर गुणगुणला. शब्द एकही नाही.

"धन्य देवा, धन्य!" सिवान वेल्शमध्ये बोलून गेली.

"मास्तर!" लाउरी ओरडली.

"देवाचं नाव होतं हो ते, मास्तर," सिवान पुटपुटली.

"देवालाही इंग्रजी येतं," मास्तर म्हणाले.

पाटी सिवानच्या गळ्यात गेली आणि सुटायची घंटा झाली. मास्तरांनी छडी उचलली. "लाउरी, पुढे ये. मी काय करतो आहे, सांग."

छडी सिवानच्या तळव्यावर बसली. लाउरीनं इंग्रजी शब्द जुळवेपर्यंत ती मागे गेली होती. "तुम्ही... मारत आहात."

"कुठे? मी तर नुसता उभा आहे. खोटं वाक्य." त्यांनी पुन्हा छडी उचलली, ती खाली येण्याआधीच लाउरी घाईघाईनं तेच बोलली.

"अजून मारलं कुठे? पुन्हा," मास्तर म्हणाले.

सिवानचा तळवा फुटला. "लाउरे, नीट बोल ना गं!" आपण कुठल्या भाषेत रडतोय, याचं तिला भान नव्हतं.

लाउरीनं डोळे छडीवर रोखले. छडी खाली येत असतानाच ती खणखणीत म्हणाली, "मास्तर सिवानला मारत आहेत!"

"शाबास! ऐकलंत सगळ्यांनी?" मास्तरांनी लाउरीच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि देव तिला क्षमा करो, पोरीला बरं वाटलं.