सोजरबाईच्या मुठीतले तांदूळ

"हाणा! हिनंच लेकरू खाल्लं!"

मेडशीजवळच्या आमच्या गावाचा पार माणसांनी नुसता फुलला होता. मधोमध इंद्रभानबाबा. कपाळभर शेंदूर, गळ्यात कवड्या आणि जिभेला हाड नाही. भागवतचं वर्षाचं लेकरू तापानं गेलं. याच बाबाच्या अंगाऱ्यापायी त्याला दवाखाना दाखवलाच नव्हता. मग डाकीण शोधायचं सोंग निघालं. बाबानं गल्लीतल्या बायांच्या मुठीत हळदीनं भिजवलेले तांदूळ दिले.

"पाप असन तं तांदूळ रगत ओकतीन! मसोबाचा एक्सरे हाये हा, एक्सरे!"

बाकीच्यांचे पिवळेच राहिले. म्हाताऱ्या, विधवा सोजरबाईनं मूठ उघडली तर तांदूळ लाल!

भागवतची पहिली काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिघांनी तिला केसांनी धरून फरफटत पाराखाली आणलं. तोंडातून रक्त, दोन दात मातीत. मी शाळेतला विज्ञानाचा मास्तर. मध्ये पडलो, तर माझंही डोकं फुटलं.

आणि माझे नववीचे विद्यार्थी? मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. वर्गात जे शिकलात त्याचा व्हिडिओ स्वतः बनवून दाखवा, असं मीच सांगितलं होतं. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्यांच्यातल्या संस्कृती नावाच्या पोरीनं मात्र मोबाइल खिशात घातला, बाबाजवळचा हळदीच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि काठीवाल्यांच्या हातांवर सपकन ओतला.

"काका, आपले हात पाहा!"

भागवतचा तळवा लाल झाला. मग बाकीच्यांचेही. काठ्या थांबल्या.

"आता तुमी कोणाले खाल्लं?" पोरगी ओरडली. "म्या याचाच व्हिडिओ बनवला सरांसाठी. हळदीले चुना लागला का ते लाल होते. तुमी चुना लावून तंबाखू मळता, सोजरआजी बी मळते. बाकीच्या बाया मळत नाहीत!"

तिनं पूजेतलं लिंबू भागवतच्या तळव्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं.

"पाप इतकं सस्तात धुतल्या जाते काय?"

सकाळी बाबानं सोजरबाईकडूनच तंबाखू मळून घेतली होती, सगळ्यांदेखत. तिच्या बोटांना चुना आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता तो हात पाठीमागे लपवून सटकायला लागला.

"पकडा त्याले! जित्ता गाडा!" भागवतनं पुन्हा काठी उगारली. तेच लोक, त्याच काठ्या, फक्त डोकं दुसरं.

"नोको रे," मातीतून सोजरबाई बोलली. "अगुदर मले दवाखान्यात न्या."

बाबाला पोलिसांनी नेलं, तिला आम्ही वाशिमला. तिचा हात अजून सरळ होत नाही. भागवत तिच्या दारावरून जाताना मान खाली घालतो.

बाबांनो, लेकरू तापलं तर दवाखाना गाठा. आणि कुणावर हात उचलण्याआधी एकदा विचारा: हे असं काहून झालं? नववीतल्या एका पोरीला हा प्रश्न पडला, म्हणून एक म्हातारी जिवंत आहे.