कापसात गुंडाळलेले ठोकळे

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेल्वेच्या रुळांखाली घालायचे काँक्रीटचे स्लीपर बनवणारा एक कारखाना होता आणि तिथे मी ठोकळे फोडायचो. हसू नका, पगार त्याचाच मिळायचा. स्लीपरच्या साच्यात आधी पोलादी तारा ताणून बसवतात, वरून काँक्रीट ओततात आणि रात्रभर वाफ देतात. काँक्रीट पुरतं पिकलं की तारा कापायच्या. कच्चं असताना कापल्या तर स्लीपरला टोकाशी तडे जातात. म्हणून त्याच काँक्रीटचे वीतभर ठोकळे पाडून स्लीपरच्या शेजारी वाफेत ठेवायचे आणि सकाळी मशीनमध्ये दाबून फोडायचे. ठोकळा जेवढं सोसतो तेवढं स्लीपर सोसणार, असं धरून आम्ही चालायचो.

ठोकळे सांभाळायला रुक्माबाई होत्या. पन्नाशीच्या, शेजारच्या गावातून पायी यायच्या. त्या कामावर लागल्या तेव्हा मी त्यांना समजावलं होतं, "बाई, हे ठोकळे पास झाले तर सगळा माल पास. हे नापास झाले तर सगळ्यांची मेहनत पाण्यात." काय छान समजावलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. डिप्लोमा झाल्यापासून मला स्वतःचं बोलणं फार आवडायचं. ठोकळ्यांना स्लीपरइतकीच ऊब आणि स्लीपरइतकीच थंडी मिळाली पाहिजे, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

त्या डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. आमचा बॉयलर पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर चालायचा आणि अवकाळी पावसाने पऱ्हाट्या भिजल्या होत्या. धूर भरपूर, वाफ नावाला. रोज सकाळी ठोकळे नापास व्हायचे, तारा कापायला दुपार उजाडायची आणि मॅनेजर माझ्यावर खेकसायचा, जणू थंडी मीच घरून आणली होती. मग एका सकाळी ठोकळ्यांनी एकदम भरपूर वजन सोसलं. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. मी ठोकळा हातात घेतला तर त्याला कापसाचे तंतू चिकटलेले दिसले.

विचारलं तेव्हा रुक्माबाईंनी मला बॉयलरच्या भिंतीशी नेलं. ठोकळ्यांचे साचे तिथे मांडले होते, त्यांच्यावर ओलं गोणपाट आणि वरून हातभर जाडीचा कापूस. त्या वर्षी कापसाला कुणी धड भाव देत नव्हतं, त्यांच्या घरात तो आढ्यापर्यंत साचला होता.

"थंडी लई हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "लेकरू काकडलं तर पेपर कसा लिहीन?"

चूक माझ्या समोर होती. स्लीपर बाहेर थंडीत कुडकुडत होते आणि त्यांच्या वतीने परीक्षेला बसणारे ठोकळे कापसात झोपले होते. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पाठीवरची थाप अजून ताजी होती. मी म्हणालो, "चांगलं केलं बाई."

हे सात दिवस चाललं. सातव्या रात्री बॉयलर जवळजवळ विझलाच. सकाळी ठोकळे झकास पास झाले, मी सही केली, तारा कापल्या आणि अख्ख्या रांगेतल्या स्लीपरांना टोकाशी तडे गेले. त्याच दिवशी रेल्वेचे तपासणीचे साहेब आले. त्यांनी तडे पाहिले, माझी सही पाहिली आणि फिरत फिरत बॉयलरच्या भिंतीशी पोचले. कापूस उचलून त्यांनी विचारलं, "ठोकळे उबेत आणि स्लीपर थंडीत, मग ठोकळे खोटंच सांगणार. हे कोणाचं काम?"

चाळीसेक माणसं भोवती उभी होती. माझ्या तोंडून निघालं, "बाई अडाणी आहेत साहेब. आजच केलेलं दिसतं. मला माहीत नव्हतं."

रुक्माबाई बादली घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "हो साहेब, मीच केलं. आजच केलं. भाऊले माहीत नोतं."

त्या दिवसाचा माल बाद झाला आणि दुपारी रुक्माबाईंना कामावरून काढलं. माझं काहीच झालं नाही. दोन दिवस डबा उघडायचो आणि तसाच बंद करायचो. लाज अशी की आरशात पाहून दाढी करवेना.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला जातो आहे, असं स्वतःला सांगत होतो. खरं तर त्यांनी "जाऊ द्या" म्हणावं आणि मला मोकळं करावं, एवढ्यासाठीच गेलो होतो. त्यांनी कापूस सारून बसायला जागा केली, चहा दिला. मी "बाई, माझ्यामुळे..." एवढं म्हणालो आणि अडखळलो.

"कामाचं जाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "मले एक सांगा. आधीच्या सा दिवसांचे स्लीपर कुठं हायत?"

"गेले. काल ट्रकमध्ये भरले."

"त्याईलेबी आतून तडे असतीन काय?"

"असू शकतात. वरून दिसणार नाहीत."

"मंग त्याच्यावरून गाडी जाईन. गाडीत माणसं बसतीन. डोळ्याले डोळा नाई लागला माया."

तीन दिवस मी माझ्या नोकरीचा विचार केला, माझ्या लाजेचा केला, थोडा त्यांचाही केला. गाडीत बसणारं माणूस एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. ज्यांना मी चारचौघांत अडाणी म्हणालो, त्यांना तीन दिवस त्याच काळजीने झोप नव्हती. त्या उठल्या, चपला घातल्या.

"चाला साहेबाकडं. तुमी नका बोलू. सातही दिवस मीच केलं, तुमाले माहीत नोतं, असं मी सांगतो."

साहेब यवतमाळला विश्रामगृहात उतरले होते. रुक्माबाई दारातच बोलू लागल्या. सात दिवस, सगळा माल, सगळं आपल्या अंगावर घेत. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला हे कधी कळलं?"

"भाऊले तं..." रुक्माबाईंनी सुरुवात केली.

"पहिल्या दिवशी," मी म्हणालो. "मीच चांगलं केलं म्हणालो होतो."

साहेबांनी आधी फोन करून ट्रक थांबवायला सांगितले. मग माझी चौकशी काय ती होईल, असं म्हणाले आणि रुक्माबाईंकडे वळले. "मग त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात, बाई?"

रुक्माबाईंनी पदर सावरला. "भाऊ लई घाबरले होते साहेब. एवढ्या लोकांत त्याईले खोटं कसं पाडू?"

मी दोघांच्याही नजरेला नजर देऊ शकलो नाही.