घोटलेलं मडकं

"खरं सांग, चोरून काय गोड खाल्लंस?"

कुंभाराचं चाक फिरत होतं, पण हात थांबला होता. ओला गोळा वेडावाकडा होऊन खाली बसला.

"तुमची माती खाल्ली," कुंभारीण म्हणाली आणि सकाळपासूनचा नववा तांब्या तोंडाला लावला.

आठवडाभर तिची तहान भागत नव्हती. पाणी प्यायचं, परसात धावायचं, आलं की पुन्हा पाणी. ऊन असं, की अंगणातली कच्ची मडकी दुपारच्या आत तडकत होती. सहा वर्षांचा मधुमेह. दोन्ही जेवणांआधी ती पोटाला इन्सुलिन टोचून घ्यायची, एकदाही चुकवायची नाही. तरी आज दवाखान्यात साखर चारशे दहा निघाली.

"यंत्र खोटं बोलतं होय?" कुंभार म्हणाला.

"यंत्राचं माहीत नाही. मी नाही बोलत."

तेवढ्यात सायकल दाराशी टेकली. दवाखान्यातल्या नर्सबाई स्वतः बघायला आल्या होत्या. सुई, मात्रा, वेळ, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "औषध कुठं ठेवता?"

कुंभाराची छाती फुगली. घरात फ्रीज नव्हता, म्हणून बाईंनीच पाण्याच्या मडक्यात ठेवायला सांगितलं होतं. ओसरीच्या सावलीतलं मडकं त्यानं पुढं केलं. आरशासारखं गुळगुळीत. "जुनं फुटलं, ओबडधोबडच होतं. हे दोन दिवस गोट्यानं घोटलंय. हिच्यासाठी."

बाईंनी तळवा टेकवला. मडकं कोरडं होतं. कोमट.

"दादा, पाणी झिरपून बाहेर वाळतं, म्हणून मडकं गार राहतं. तुम्ही घोटून सगळी छिद्रं बुजवलीत. आतलं औषध उकाड्यानं निकामी झालं. टोचलं काय नि न टोचलं काय."

कुंभार चिखलानं माखलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"विचारा की आता," कुंभारीण म्हणाली, "चोरून काय खाल्लं ते."

बाईंनी तिची लघवी तपासली, धोक्याचं काही नाही हे पाहून बर्फाच्या डब्यातली नवी बाटली दिली आणि बजावलं, "पोटात दुखलं, उलटी झाली, तर घरी थांबायचं नाही. थेट मोठा दवाखाना."

कुंभार उठला. परसातल्या टाकाऊ ढिगात उकरून त्यानं वाकड्या तोंडाचं, पाझरतं म्हणून फेकलेलं एक मडकं काढलं. धुतलं, भरलं, आत वाटीत बाटली ठेवली. नंतर कामात त्याचं मन लागेना. घडीघडीला उठून तो मडक्याला हात लावायचा, मग तिच्या कपाळाला.

पाचव्या दिवशी साखर एकशे ऐंशी आली. तांब्या दुपारपर्यंत अर्धाच संपला होता.

गिऱ्हाइकं येण्याआधी कुंभारानं मडक्याची वाकडी बाजू गुपचूप भिंतीकडे वळवली. कुंभारीण आली. ओल्या मडक्यावरून तिनं हात फिरवला आणि ते परत रस्त्याकडे वळवलं.

"राहू दे. लोकांनाही दिसू दे, कुंभाराच्या घरात कसलं मडकं चालतं ते."