मार्गदर्शन कक्षातली निळी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. साहेबांची गुबगुबीत, फिरणारी नव्हे, तिच्यासमोरची, विद्यार्थ्यांची. लंडनमधल्या स्टॅनमोरजवळच्या एका कॉलेजच्या मार्गदर्शन कक्षात मी २००१ साली आले. 'इथून युनिव्हर्सिटीचा रस्ता सुरू होतो,' असं दारावर लिहिलंय.

आमचे कमलाकर सर फार व्यवस्थित. विद्यार्थी टेकतो न टेकतो तोच फॉर्म पुढे करायचे: 'मला समाधानकारक मार्गदर्शन मिळाले.' आधी सही, मग मार्गदर्शन. शेवटी लोक घाईत निघतात आणि सही राहते म्हणे. मार्गदर्शन राहिलं तर चालतं.

२००६च्या नोव्हेंबरात यमुना आली. मूळची नागपूरची, चाळिशीची. केअर होममधली नोकरी सांभाळून कॉलेज करत होती. तिला नर्स व्हायचं होतं.

"सर, अर्ज भरलाय. आता तुमचं शिफारसपत्र जोडून तुम्हीच पुढे पाठवायचा ना?"

"अहो यमुनाताई, डोन्ट वरी! आधी इथे सही करा."

तिने केली. सरांनी तिची फाइल 'काम पूर्ण'च्या खणात ठेवली आणि चहा घेतला.

पंधरा जानेवारीला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ती धावतपळत आली. अर्ज कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर पडून होता. सर केंब्रिजला गेले होते, 'अधिक चांगले मार्गदर्शन कसे करावे' या शिबिराला. ऑफिसातल्या नीनाने फोन लावला. सर म्हणाले, "असं कसं होईल? त्यांची तर सही आहे!" अर्ज पाठवायचा पासवर्ड फोनवर सांगणं नियमात बसत नव्हतं, आणि सर नियमाचे पक्के.

अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. उत्तर आलं, जागा भरल्या. यमुना माझ्यावर बसून रडली. मला फार वाईट वाटलं. समोरच्या खुर्चीला काही वाटलं नसावं.

जूनमध्ये आमच्या कक्षाला बक्षीस मिळालं. शंभर टक्के विद्यार्थ्यांना मार्गदर्शन! त्यातून नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कॉरिडॉरमध्ये झाली. माझा एक पाय आता डुगडुगतो.

नोव्हेंबरात यमुना पुन्हा अर्ज करायला आली. आत बोलावेपर्यंत माझ्यावर टेकली. तनिषा नावाची इथेच वाढलेली एक मुलगी तेवढ्यात सरांच्या खोलीतून बाहेर पडली.

"आँटी, सर म्हणाला, सगळं डन आहे."

"ते म्हणतीलच गं. तू परत आत जा. अर्ज पाठवताना त्यांच्या शेजारी उभी राहा. पोचल्याचा कागद हातात पडल्याशिवाय घरी जाऊ नकोस."

इतक्या वर्षांत माझ्यावर बसून कुणी मार्गदर्शन केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला भंगारात टाकणार असाल तर खुशाल टाका. फक्त ही बाई नर्स होईपर्यंत तेवढं थांबा.