पंखा गप्प झाल्यावर

आत्या अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. कपड्यांच्या कपाटाशेजारी गादी उभी करून तिने स्टुडिओ थाटलाय. जुनी ऑपरेटिंग सिस्टिम मोडीत निघाली म्हणून तिच्या लॅपटॉपवर मी नवी बसवून दिली, तेव्हापासून त्याचा पंखा सतत घरघरायचा. ग्रंथालयाचे साहेब वर्षभर तो आवाज गाळून तिची रेकॉर्डिंगं चालवून घेत राहिले. मग त्यांचाही धीर संपला. नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण शुक्रवारपर्यंत स्वच्छ मिळालं नाही, तर पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ, असं त्यांनी कळवलं.

"नवा लॅपटॉप घे," माझा भाऊ म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्याने कप विसळायला निघून गेला.

मी ड्रायव्हर लिहिते. अर्ध्या नातेवाइकांना वाटतं माझं गाड्यांचं काहीतरी काम आहे. पंखा, बॅटरी, की-बोर्डचा दिवा हे सगळं फर्मवेअरच्या ताब्यात असतं, म्हणजे कंपनीने बोर्डावरच बसवून दिलेल्या प्रोग्रामच्या. सिस्टिमला त्याच्याशी बोलायचं तर मध्ये ड्रायव्हर लागतो, आणि आत्याचं मॉडेल कुठल्याच ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. कुणी काही सांगेना, म्हणून मशीन जळू नये या भीतीने ते बिचारं फर्मवेअर पंखा पळवत बसलं होतं. "होऊन जाईल," मी छातीठोकपणे सांगितलं. मला खरंच शंका नव्हती.

त्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलचा ड्रायव्हर घेतला, त्यात आत्याच्या मॉडेलचं नाव घातलं आणि 'शांत' मोड मागितला. फर्मवेअरने 'ठीक' म्हणून उत्तर दिलं आणि पंखा होता तसाच ठेवला. तोंडावर हो म्हणून आपलंच खरं करणारी माणसं आमच्या ऑफिसातही आहेत, त्यामुळे मी चिडले नाही. खोदत गेल्यावर कळलं, या मॉडेलला आधी 'ताबा सिस्टिमकडे दे' असं सांगावं लागतं आणि मगच मोड मागायचा. तसं केलं. पंखा एकदा कण्हला आणि गप्प झाला. मग मुद्दाम भारी काम देऊन मशीन तापवलं, तर पंखा वेळेवर जागा झाला आणि मशीन निवल्यावर पुन्हा थांबला. मी खुशीत टेबलावर थाप मारली.

आत्याने प्रकरण वाचलं. मग आम्ही दोघी इयरफोनचं एकेक टोक कानाला लावून ऐकायला बसलो. घरघर नावाला नव्हती. पण प्रत्येक लांब वाक्याच्या शेवटी आत्याचा आवाज थरथरत होता. इतके दिवस ते पंख्याखाली झाकलं गेलं होतं.

"आत्या, पंखा थोडासा चालू ठेवू का? तेही येतं मला."

ती हसली. "तुला काय, सगळंच येतं. आवाज माझाच आहे ना? मग पाठव."

पाठवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला, तो तिने स्पीकरवर टाकला.

"घरघर अगदी गेली. पण आवाज जरा वेगळा वाटतोय. तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठणठणीत आहे," आत्या म्हणाली. "वर्षभर तुम्ही पंखा ऐकत होतात. आता मला ऐकताय."

साहेबांनी विचारलं, "दुसरं प्रकरण कधी देताय?"